हात लागला होता का?

लोखंडाच्या पेटीला ताप येतो यावर मनापासून विश्वास असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. गारखेड्यातल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर मी बावीस वर्षं राहतो आहे. एवढ्या वर्षांत मामांनी स्वतःच्या कपाळाला जेवढ्या वेळा हात लावला नसेल, तेवढ्या वेळा त्या पेटीला पालथा हात लावलेला मी पाहिला आहे. पाच मिनिटं रेडिओवर बोलायचं, बटण सोडायचं, पेटीवर हात टेकायचा, डोळे मिटायचे. "कोमट हाय," असं स्वतःशीच म्हणायचं आणि मग पुढचं बोलायचं. मामींना एकदा टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी थर्मामीटर आणला होता, पण पेटीला हातच. "काचेच्या नळीला काय कळतंय? हाताला कळतं," असं ते म्हणाले होते. मामी ते आजही आल्यागेल्याला ऐकवतात आणि वर म्हणतात, "मला नळी, आन् सवतीला हात."

मामा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले आणि छंदानं हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना काढून घरच्या सेटवरून लांबलांबच्या माणसांशी बोलायचं, असा हा छंद. रोज सकाळी साडेसातला यांची पंचवीसेक जणांची बैठक हवेत भरते. कुणी सोलापूरचा, कुणी बेळगावचा, एक तर थेट केरळातला, आणि या सगळ्यांची हजेरी घ्यायचं काम मामांकडं. आता सेटमधून निघालेली ताकद गच्चीवरच्या तारेत जायला हवी. तारेला ती मानवली नाही तर ती उलट फिरते आणि सेटलाच जाळते. म्हणून दोघांच्या मधे ही पेटी, ट्यूनर. तिला पुढून दोन नॉब आणि एक हँडल. हँडल फिरवलं की आतल्या तांब्याच्या जाड वेटोळ्यावरून एक चाक सरकतं आणि ते कुठवर आलं त्याचा आकडा एका छोट्या खिडकीत दिसतो. तिघांचं नेमकं जुळलं की मीटरचा काटा शून्यावर पडतो. "सेट म्हणजे पोरीकडचे, तार म्हणजे पोराकडचे, आन् ही पेटी म्हणजे मी," असं मामा मला समजावून सांगायचे, कारण आमचं लग्न त्यांनीच जमवलं होतं. "फरक एवढाच, जावईबापू, हिला जुळवायला दोन मिनटं लागतात. तुमच्या आईला दोन वर्षं लागली."

पेटी भलत्याच मोठ्या ताकदीची. परवान्यात लिहिलेली मर्यादा मामांनी कधी ओलांडली नाही, पण पेटी तिच्या चौपट सोसणारी. कशाला एवढी, असं विचारलं तर म्हणायचे, "पूल हत्तीचा बांधावा आन् आपण पायी जावं. झोप लागते." ही पेटी हैदराबादच्या एका म्हाताऱ्या मित्राची. त्याच्या डोळ्यांना आकडे दिसेनासे झाले तेव्हा त्यानं ती मामांना देऊन टाकली. मामांनी ती बसनं आणली, शेजारच्या सीटवर चादर अंथरून, वेगळं तिकीट काढून. कंडक्टरनं विचारलं, "काका, हे दुसरं तिकीट कुणाचं?" मामांनी पेटीकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, "मग हिचं हाफ काढायचं की." मामा गंभीरपणे म्हणाले, "नाय. ती माझ्यापेक्षा मोठी हाय."

पेटीच्या काळजीला अंत नव्हता. एका पावसाळ्यात आत पाल शिरली. मामांनी बटण दाबलं, चट् असा आवाज झाला आणि पाल गेली. मामांनी दोन दिवस बोलणं बंद ठेवलं. पालीचं सुतक की पेटीचं, ते कळलं नाही. मग गल्लीतल्या टेलरचाचांनी उपाय सांगितला, अंड्याची टरफलं टांगा. ज्या घरात कधी अंडं आलं नाही त्या घराच्या खिडकीत सहा टरफलं दोऱ्याला लटकू लागली. मामींना महिनाभर बायका विचारत होत्या, "ऑम्लेट करता का भुर्जी?" खंडेनवमीला पेटीची पूजा व्हायची, पण कुंकू पेटीला नाही. कुंकवातून वीज जाते की नाही याची मामांना खात्री नव्हती. म्हणून एका कागदावर पेटीचं चित्र काढायचं आणि कुंकू चित्राला. याच टेलरचाचांच्या मुलीच्या हळदीला मामांचा आवाज त्यांच्या स्पीकरमधून बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी चाचा दारात. "मामू, गाने के बीच में से तुम निकले. बोलते क्या, 'ओव्हर, ओव्हर'. समधन पूछरी, ये कौन बुजुर्ग हैं, दिखते नहीं." मामा इतके शरमले की आपला आवाज पुन्हा कुणाकडं शिरू नये म्हणून त्यांनी गल्लीतल्या एकूण एक टीव्हीच्या आणि स्पीकरच्या वायरींना लोहचुंबकी मातीच्या काळ्या कड्या घालून दिल्या, तान्ह्या बाळांना मनगट्या घालतात तशा. अजून आहेत.

या सगळ्या कारभारात माझंही एक पद होतं. मामा मोठ्या ताकदीवर बोलणार असले की मी लाकडी पाटावर रबरी चपला घालून मेन स्विचपाशी उभा. उजवा हात स्विचवर, नजर मामांच्या डाव्या हातावर. तो वर गेला की खटका पाडायचा. एकोणीस वर्षं तो हात कधी वर गेला नाही, आणि एकोणीस वर्षं दर रविवारी मी त्या हातावरची नजर काढली नाही. मी जात्याच भित्रा. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आयुष्य गेलं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्यावर मारायचा, मधे काही बोलायचं नाही. मी कमी बोलतो याला लोक सज्जनपणा समजतात. मामाही समजायचे. पेटीपाशी उभं राहायला त्यांनी मला निवडलं ते त्यामुळंच. "जावईबापू न विचारता कशाला हात लावायचे नाहीत," हे ते चारचौघांत सांगायचे.

पेटीचे नियम तीन. ताकद सुरू असताना हात लावायचा नाही. आधी थोड्या ताकदीवर काटा पाडायचा, मगच मोठी ताकद. आणि हँडल टोकापर्यंत कधी न्यायचं नाही. या नियमांच्या जोडीला एक निळी डायरी. बोलायचे लहरींचे पट्टे वेगवेगळे, प्रत्येक पट्ट्याचे आकडे वेगळे. ते सगळे मामांनी वर्षानुवर्षं बारीक अक्षरात लिहून ठेवलेले. सकाळच्या बैठकीचा आकडा होता सत्तावीस. शहराचं नाव बदललं, आमच्या गल्लीतल्या घरांचे नंबर बदलले, पण डायरीतला सत्तावीस सत्तावीसच राहिला. मामा डायरी न बघता सत्तावीस लावायचे आणि मग डायरी उघडून बघायचे. तो जुळला की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, जणू कुणी त्यांना नावानं हाक मारली आहे.

आता जे सांगायला बसलो आहे ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी सिल्लोडला मामांचे थोरले भाऊ वारले. शेवटची दोन वर्षं त्यांना सगळ्याचाच विसर पडला होता. मामांना ते "मास्तर" म्हणायचे आणि गृहपाठ झाला नाही म्हणून माफी मागायचे. मामा-मामी तेरा दिवस तिकडंच राहिले. रोज संध्याकाळी मला फोन. दुःखाचं बोलणं एक मिनिट, पेटीचं चार. दहाव्या दिवशी म्हणाले, "धूळ बसली आसंल. ब्रश फिरवा. नुसता ब्रश."

मी ब्रश फिरवला. पेटीसमोर मी पहिल्यांदाच एकटा होतो. एकोणीस वर्षं पाटावरून पाहिलेलं ते हँडल हातभर अंतरावर. खिडकीत आकडा सत्तावीस. मी तो नीट लक्षात ठेवला, हे मुद्दाम सांगतो. कारकुनाची सवय. आणि हँडल फिरवलं. काय सांगू, दुधावरची साय बाजूला सरकावी तसं ते फिरत होतं. तीस, चाळीस, पन्नास. मला थांबायचं भानच राहिलं नाही. अठ्ठावन्नला ते अडलं. मला वाटलं, धुळीनं अडलं असेल. जरा जोर दिला. कट् असा बारीक आवाज झाला आणि ते पुन्हा सैल झालं. खिडकीत बासष्ट. मी उलट फिरवत फिरवत बरोबर सत्तावीसवर आणून ठेवलं, ब्रश जागेवर ठेवला आणि वर जाऊन चहा केला. आकडा होता तोच आहे, म्हणजे काही बिघडलं नाही, अशी मी माझी समजूत घातली. आतलं चाक टोकाला अडून उभं राहिलं, आकडे मात्र चार घरं पुढं घसरले, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण काहीतरी झालं आहे हे हाताला कळलं होतं. मामांचं खरंच होतं, हाताला कळतं.

मामा परत आले त्या रविवारी सकाळी हवेतली अख्खी मंडळी दुखवट्याला थांबली होती. मी पाटावर. मामांनी सत्तावीस पाहिला, डायरी उघडून ताळा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोड्या ताकदीची पायरी गाळून थेट मोठ्या ताकदीवर बटण दाबलं. पेटीतून चटाचट निळा जाळ उठला. मामांचा डावा हात वर गेला. मी खटका पाडला. जळकट वासात मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा पेटीकडं नाही, डायरीकडं बघत होते.

"सत्तावीसच लिहिलंय," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "जावईबापू, हात लागला होता का?"

आवाजात संशय नव्हता. डॉक्टर जसं पथ्य पाळलं का विचारतो तसं विचारलं होतं. "हो" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणालो, "नाही मामा. नुसता ब्रश."

"मग झालंच," ते म्हणाले. "यंत्राला कुणाचा हात नाय, म्हणजे डोक्यातच गडबड हाय."

त्यांनी पेटी उघडली, पुसली, तार तपासली. फारसं काही जळलं नव्हतं. नवे आकडे शोधले तर सापडायचे, पण जुळायच्या वाटा अनेक असतात, तेव्हा रोज वेगळेच सापडायचे. एकदा हँडल टोकाला नेलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. पण टोकाला न्यायचं नाही हा नियम त्यांचाच. डायरीतला एकही आकडा लागू पडेना तेव्हा त्यांनी स्वतःपुरता निकाल लावला. भावाचं दुखणं आपल्या घरी आलं. लिहिताना चुकलो असेन नाहीतर वाचताना चुकत असेन, पण चुकतोय मीच.

त्यानंतर सात महिने त्या घरात जे चाललं ते मी जिन्यावरून ऐकत होतो. मामांनी हजेरीचं काम सोलापूरच्या मित्राकडं दिलं. मोठी ताकद बंद केली. "माझ्या हातात एवढी ताकद बरी नाय," म्हणाले. गॅसपाशी चिठ्ठी, नळापाशी चिठ्ठी, चपलांपाशी चिठ्ठी: "या तुझ्याच." किल्ल्या मामींकडं दिल्या. आणि रोज सकाळी साडेसातला रेडिओऐवजी स्वतःची परीक्षा. मनमाडहून घरापर्यंतची स्टेशनं, मोठ्यानं. अंकाई, नगरसूल, तारूर, रोटेगाव, परसोडा, करंजगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद. मी वर दाढी करताना ब्रश गालावर धरून थांबायचो. गाडी दौलताबादला पोचली की पुढची दाढी. एकदा ते परसोड्याला क्षणभर अडखळले आणि माझा गाल कापला. डॉक्टरकडं नेलं तर त्यांनी चाळीस प्रश्न विचारून सांगितलं, "काही झालेलं नाही तुम्हाला." मामा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही माझी डायरी बघितली नाय."

मी काय केलं? काही नाही. रोज रात्री ठरवायचो, उद्या सांगू. उद्या सकाळी मामा स्वतःच चहा आणून द्यायचे आणि म्हणायचे, "तुम्ही हाय म्हणून बरंय. मी काय विसरलो तर तुम्ही सांगाल." असा चहा पिऊन कुणी काय सांगावं? बायकोलाही सांगितलं नाही. जितके दिवस जात होते तितकं सांगणं जड होत होतं.

उन्हाळ्यात त्यांनी पेटी देऊन टाकायची ठरवली. नांदेडचा एक तरुण रेडिओवाला रविवारी न्यायला येणार होता. शनिवारी दुपारी मी खाली गेलो तर पेटी गोधडीत गुंडाळून पलंगावर ठेवलेली आणि मामा एक कागद लिहीत बसलेले. मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कचेरीतले. मसुदा बघा." त्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: "सोबतच्या डायरीतील आकडे कृपया वापरू नयेत. ते विश्वासार्ह नाहीत. लिहिणाऱ्याची स्मृती ठीक नव्हती." खाली सही.

आयुष्यभर मी हजारो कागदांवर शिक्के मारले. त्या कागदावर मला नजर ठेवता येईना.

"मामा," मी म्हणालो, "हात लागला होता."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "कुठं?"

"हँडलला."

"कुठपर्यंत?"

"टोकापर्यंत."

"दाबलं?"

"दाबलं. कट् वाजलं."

ते उठले. गोधडी सोडली, चष्मा पुसला आणि स्वतःचा नियम मोडून हँडल टोकापर्यंत नेलं. ते थांबलं. खिडकीत बासष्ट. "अठ्ठावन्नला थांबाया पाहिजे," ते पुटपुटले. बोटांवर काहीतरी मोजलं आणि पेटीशेजारी पलंगावर बसले. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला शिव्या हव्या होत्या.

"म्हणजे मी नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा."

"अगं ए!" ते स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले, "मी नाय! हे होते! जावईबापूंनी केलं!" माझी बढती झाल्याची बातमी द्यावी इतक्या आनंदानं. मामी पिठाच्या हातानं तशाच बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सात महिने ह्यांनी तुम्हाला येडं ठरवलं, आन् तुम्ही पेढे वाटायला निघालात व्हय?" पुढं महिनाभर माझ्या वरणावर तूप आलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "मलाबी नाही सांगितलं तुम्ही." ते अजून दुखतं. मामांनी मात्र एक छोटा स्क्रू सैल केला, आकडे मागं आणले, स्क्रू आवळला. पाच मिनिटं लागली. सत्तावीस लावला, थोडी ताकद दिली आणि काटा जो पडला तो शून्यावर. तो आनंद मी त्यांच्यापासून सात महिने लपवून ठेवला होता.

नांदेडचा माणूस पोहे खाऊन रिकाम्या हातानं परत गेला. सोमवारी साडेसातला मामांनी माझा कबुलीजबाब सोलापूरपासून केरळपर्यंत पोचवला. बेळगावहून लगेच उत्तर आलं, "जावईबापू ऐकत असतील तर त्यांना सांगा, हात खिशात ठेवा. ओव्हर." तेव्हापासून घरात काही हरवलं, काही चुकलं की मामा वर बघून ओरडायचे, "जावईबापू, हात लागला होता का?" चष्मा सापडला नाही तरी मी, दूध उतू गेलं तरी मी. सगळे हसायचे. मामीही हसायला लागल्या आणि तूप परत आलं.

मागच्या वर्षापासून मात्र खरंच सुरू झालं आहे. या वेळी डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. तो कागद मामींनी देव्हाऱ्याखाली ठेवला आहे, मामांना दाखवलेला नाही. हजेरी आता कायमची सोलापूरला गेली. रविवारी हँडल मी फिरवतो आणि मामा पाटावर रबरी चपला घालून मेनपाशी उभे असतात. सत्तावीस मला पाठ आहे. काटा पडला की ते हळूच येऊन पेटीला पालथा हात लावतात. कधीकधी चुकून माझ्या कपाळाला.

आज सकाळी मी दाढीला बसलो तेव्हा खाली गाडी मनमाडहून सुटली होती. अंकाई, नगरसूल, तारूर, रोटेगाव. मग थांबली. मी ब्रश गालावर धरून वाट पाहिली. मग जिन्याच्या तळाशी पावलं वाजली.

"जावईबापू," मामांनी वर बघून विचारलं. आवाजात पूर्वीची थट्टा होती, पण खाली थोडी भीती. "हात लागला होता का?"

"व्हय मामा," मी म्हणालो. "माझाच लागला."

"तरीच," ते म्हणाले. जीव भांड्यात पडल्यासारखे परत वळले, आणि गाडी मधलं काही न घेता थेट लासूरला आली.